चार मिनिटं

तिने शिवलेली कॉलर उलटवली, सुईने टोकं बाहेर काढली आणि मॅनेजरपुढे ठेवली. त्याने दोन्ही टोकं एकमेकांवर जुळवून पाहिली. केसाचाही फरक नव्हता.

"हात बसलाय तुमचा," तो म्हणाला. "आजपासूनच लागा कामाला. शनिवारी माल जायचाय आणि आमची कॉलरवाली सोडून गेलीय."

जुना कारखाना बंद पडल्यापासून दोन महिने ती घरीच होती. सून तोंडाने काही बोलत नसे, पण हल्ली भांडी जरा जोरात ठेवायची. तिने बरं म्हटलं आणि बाथरूम कुठे आहे ते विचारलं.

मॅनेजरने ड्रॉवरमधून चावी काढली. "चार मिनिटं हं. सगळ्यांना तोच नियम. नाहीतर बायका आत जाऊन गप्पा मारत बसतात."

तिला वाटलं, गंमत करतोय. पण तो घड्याळाकडे बघत होता.

जाता जाता तिने मशीनच्या रांगेवरून नजर फिरवली. साडेबारा होत आलेले. खिडक्या बंद, सगळ्याजणींच्या पाठी घामाने भिजलेल्या. आणि प्रत्येकीच्या पायाशी पाण्याची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. सकाळपासून कोणी घोटभरही प्यायलं नव्हतं. तीस वर्षं शिलाईत काढलेल्या बाईला याहून जास्त काही सांगावं लागत नाही.

परत येऊन तिने चावी टेबलावर ठेवली.

"साहेब, तुम्ही माझं काम बघितलंत, मी तुमचा कारखाना बघितला. मला नाही जमायचं."

"का? झालं काय?"

"या वयात लघवीला जायची परवानगी मागू?"

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. जिन्यात तिला कोपऱ्यातल्या मशीनवरच्या मुलीने थांबवलं. सहावा महिना असावा. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती.

"बरं सुनावलंत, मावशी," ती म्हणाली. मग डबा उघडत पायरीवर बसली. "तुमचं बरंय. कॉलर येते तुम्हाला. कुठेही घेतील."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर ती तरातरा निघून गेली असती. मुलीला पायरीवर सोडून ती फाटकापर्यंत गेली, रस्त्यावरच्या गाड्या बघत उभी राहिली. आपलं काय जातंय, असं तिने स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. सुट्टी संपल्याची घंटा झाली तशी बाकीच्या बायकांबरोबर तीही जिना चढली.

मॅनेजर हसला. "आलात ना वळणावर?"

ती मशीनला बसली. सव्वातीनपर्यंत तिने चाळीस कॉलर उरकल्या. मग उठली, मॅनेजरच्या टेबलापाशी गेली, ड्रॉवर स्वतःच उघडला आणि चावी घेऊन आत गेली. आली ती रिकाम्या हाताने.

"चावी कुठाय?"

"दाराला. तिथेच राहू दे."

मॅनेजर खुर्चीतून उठला. "तुम्हाला आत्ताच्या आत्ता काढीन मी."

"काढा की. सकाळी तरी मी कुठे तुमची होते?" तिने पुढची कॉलर सुईखाली सरकवली. "शनिवारचं तेवढं बघा म्हणजे झालं."

एकेक करत सगळी मशीनं थांबली. मॅनेजर बाथरूमच्या दाराकडे दोन पावलं गेला आणि थबकला. पंचवीस बायका त्याच्याकडे बघत होत्या. इतक्या सगळ्याजणी एकदम त्याच्याकडे कधी बघत नसत.

कोपऱ्यातली मुलगी उठली. पोटाला हात लावून ती त्याच्या समोरूनच निघाली. त्याची नजर सवयीने घड्याळाकडे गेली.

ती सावकाश चालत होती.