पायरीचा दगड

फुल्क्रान आजोबा दर रविवारी पाहुण्यांना रोमन बुरुजावर नेत, वरून गाव दाखवत आणि भिंतीतल्या भगदाडाशी थांबून चोरांच्या नावानं बोटं मोडत. आज नात सोलांज सोबत होती. “कोरलेली द्राक्षवेल अर्धीच उरलीय, बघा,” ते म्हणाले. “बाकीचा दगड कुण्या हरामखोरानं पळवला.” “आजोबा, तो आपल्या दारात पायरीला आहे ना?” सोलांज म्हणाली. “पणजोबांनी गाढवावर लादून आणला. तेव्हा सगळेच न्यायचे, तुम्हीच सांगितलंत.” पाहुण्यांच्या नजरा आजोबांकडे वळल्या. छातीवरच्या मार्गदर्शकाच्या बिल्ल्यावर त्यांचा हात गेला. “पोर आहे, काहीबाही रचते,” ते हसून म्हणाले. “चला, इकडून चर्च दिसतं.” उतरताना सोलांजनं त्यांचा हात धरला नाही. घरी पोचल्यावर ती पाय उंच उचलून पायरीला न शिवता आत गेली. आजोबा टोपी काढून बाहेरच थांबले.