दोनदा शून्य

बालवाडीतल्या मुलांचे हात किती चालतात ते तपासायला आलेल्या डॉक्टरसाहेबांनी चार वर्षांच्या चिमीला कात्रीनं गोल कापायला सांगितलं. कागद नुसता चुरगळला.

"साहेब, पोर डावखुरी आहे आणि तुमची कात्री उजव्या हाताची," बाई म्हणाल्या.

साहेबांनी नाक मुरडलं. "बाई, शास्त्र मला शिकवू नका."

आठवड्यानं पुन्हा तीच कात्री, पुन्हा तोच चुरगळा. "बघा, दोन्ही वेळा शून्य! याला म्हणतात विश्वासार्ह चाचणी!" चिमीच्या नावापुढे 'हातात दोष' असा शेरा ठोकून साहेबांनी शाळेच्या भेटवहीत सही करायला ऐटीत पेन काढलं.



"डाव्या हातानं करा, आणि दोनदा करा," बाई म्हणाल्या. "दोन्ही सारख्याच वाकड्या आल्या, की तुमच्या नावापुढे मी 'अंगठेबहाद्दर' लिहिते."