चार बोटं जागा

दोन मिनिटं लावलेला मायक्रोवेव्ह ओव्हन पन्नासाव्या सेकंदाला गप्प झाला. दिवा गेला, आकडे गेले. जावयाने वरच्या पत्र्यावर हात टेकवला आणि चटकन मागे घेतला.

"बघितलंत ना, आई? पापड भाजेल इतका तापलाय. उद्या पेटला तर घरात तुम्ही एकट्या."

तो एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. कुठे काय पेटू शकतं, हे सांगण्याचाच त्याला पगार मिळे. सासूबाईंना कायमचं आपल्याकडे न्यायला तो आला होता. "या वेळी तिला घेऊनच ये," असं बायकोने बजावलं होतं. सकाळपासून त्याचं एकही कारण सासूबाईंपुढे टिकलं नव्हतं. आता हे आयतंच हाती लागलं. त्याने लगेच बायकोला तसा मेसेजही टाकला.

"भंगारात टाकू हा. आणि तुम्ही बॅग भरा."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. चौतीस वर्षं त्यांनी इस्पितळाचे वॉर्ड सांभाळले होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी अख्खी इमारत त्यांना सिस्टरच म्हणे.

"पेशंटला हात लावायच्या आधीच डेथ सर्टिफिकेट लिहिता होय, जावईबापू?" त्या म्हणाल्या. "प्लग काढा. अर्धा तास निवू दे त्याला."

मग त्यांनी कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर बारीक, सरळ अक्षरांत तारखा, वेळा आणि ओव्हन किती सेकंद चालून बंद पडला ते आकडे. इस्पितळात खाटेच्या पायथ्याशी तापाचा तक्ता लटकतो, अगदी तसा.

"सुरुवातीला दोन मिनिटं चालायचा, मग दीड, आता पन्नास सेकंद. गार झाला की पुन्हा सुरू होतो. म्हणजे हृदय शाबूत आहे. ताप उतरत नाही, एवढंच."

जावई वाकून तारखा वाचू लागला. पहिल्या तारखेवर त्याचं बोट थबकलं. त्याच्या आदल्याच दिवशी तो इथून परत गेला होता. जाण्यापूर्वी 'तुमचं स्वयंपाकघर जरा सुटसुटीत करतो' म्हणून दिवसभर इथे राबला होता. तेव्हाच त्याने ओव्हन मागे रेटून भिंतीला अगदी चिकटवला होता. पुढे ओटा मोकळा झाला म्हणून स्वतःच्याच पाठीवर शाबासकीही दिली होती.

त्याने चोरून सासूबाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या.

सासूबाईंना एकटीने न हलणारा तो ओव्हन अर्ध्या तासाने दोघांनी मिळून पुढे ओढला. भिंतीचा रंग तेवढ्याच चौकोनात करपून तांबूस पडला होता. मागच्या जाळीवर तेलकट धूळ घोंगडीसारखी जमली होती. सासूबाईंनी प्लग लावला, आत पाण्याचा कप ठेवला, बटण दाबलं आणि पातळ कागदाची एक पट्टी जाळीसमोर धरली. आत पंखा घरघरत होता. पट्टी मात्र ढिम्म.

"श्वास आत कोंडलाय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी लगेच प्लग काढून घेतला.

जावयाला हुरूप आला. तो पेचकस घेऊन पुढे सरसावला. "मागचा पत्रा उघडून साफ करतो."

"खबरदार!" वॉर्डमधला तो आवाज ऐकून तो होता तिथेच थांबला. "प्लग काढला तरी याच्या पोटात वीज साठून राहते. तुम्हाला मी सांगायला हवं का? ऑपरेशन सर्जनने करावं. नर्सने बाहेरून जेवढं होतं तेवढं चोख करावं. एवढ्याने नाही भागलं, तर मेकॅनिकला बोलवायचं."

त्याने मुकाट्याने पेचकस खाली ठेवला. सासूबाई जुना दात घासायचा ब्रश घेऊन बसल्या. जाळीच्या एकेका फटीतून मळ खरवडायचा, ओल्या फडक्यात टिपायचा, फडकं बदलायचं. कुठे घाई नाही, कुठे चुकारपणा नाही. सत्तरीच्या त्या हातांत जराही कंप नव्हता. कारखान्यात वीस माणसं हाताखाली असलेला तो, त्यांना एकेक कोरडं फडकं देत राहिला.

शेवटी दोघांनी ओव्हन जागेवर सरकवला. सासूबाईंनी तो आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटं आडवी धरून अंतर मोजलं. पाण्याचा कप, बटण, कागदाची पट्टी. पट्टी फडफडली.

दोन मिनिटं झाली. मग आणखी दोन. घंटी वाजली. सासूबाईंनी पत्र्यावर तळहात ठेवला. तापलेल्या कपाळावर ठेवावा, तितक्या हळुवारपणे. मग त्यांनी कागदावर आजची तारीख घालून पुढे लिहिलं : 'ताप नाही. आठ दिवस लक्ष ठेवणे.'

तेवढ्यात फोन वाजला. जावयाने तो स्पीकरवर टाकला.

"काय रे, निघालात का? आणि त्या ओव्हनचं काय झालं?" बायकोने विचारलं.

"धूळ होती गं," सासूबाईच आधी बोलल्या. "दुसरं काय असणार?"

"धूळ नव्हे," जावई म्हणाला. "मी तो भिंतीला चिकटवून गेलो होतो. आईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एका शब्दाने बोलल्या नाहीत."



"बरं, ते असू दे. आई येतेय ना?"

"नाही. मी एकटाच येतोय."

"अरे, पण तिला काही झालं तर?"

"ते तेव्हा बघू," तो म्हणाला. "पण मला काही झालं ना, तर आधी इथे आणून सोड."