दाराला लावलेला कॅमशाफ्ट

"हा पण बसणार नाही, वहिनी," ऑडवार म्हणाला. "याच्या टोकाला सेन्सरचे दात कमी आहेत."

तुरिदने फोनवर हात धरला होता. पलीकडे पोलंडमधला कुणी दुकानदार ताटकळत होता. तिने त्याला नको म्हणून सांगितलं, आभार मानले आणि पुढचा नंबर लावला.

गाडी तिने नुसती तेल बदलायला दिली होती. त्याच संध्याकाळी तिचा नवरा स्टाइनार, म्हणजे ऑडवारचा थोरला भाऊ, गॅरेजात आला. "इंजिन उघडून ठेव," तो म्हणाला. "कॅमशाफ्ट झिजलाय म्हण, नवा मिळत नाही म्हण. उन्हाळा सरला की बेर्गन शहरातल्या नोकरीचं खूळ जाईल तिच्या डोक्यातून." गॅरेज स्टाइनारच्या नावावर. वरची खोली, जिथे ऑडवार झोपायचा, तीही त्याच्याच नावावर. ऑडवारने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी त्याने धडधाकट कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा उंचवट्यांचा दांडा, काढला, तेलकट फडक्यात गुंडाळला आणि खणात टाकला.

बेट लहान. गाड्या नेणाऱ्या बोटीचा धक्का डोंगरापलीकडे, आणि शाळांना सुट्टी लागली की बसही सुट्टीवर जायची. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तुरिदला धक्क्यावर सोडलं असतं, तर कॉफीच्या वेळेपर्यंत ते स्टाइनारच्या कानावर गेलं असतं. निम्मं गाव त्याच्या मासळीच्या कारखान्यात कामाला होतं. तेव्हा गाडी नाही तर तुरिदचं जाणं नाही. आणि बेर्गनवाले ऑगस्टपलीकडे थांबणार नव्हते.

पण तुरिद रडत बसली नाही, आणि तिथूनच ऑडवारचे हाल सुरू झाले. ती रोज गॅरेजात येई, काउंटरवर बसे आणि अर्ध्या युरोपला फोन करी. जर्मनी, इटली, इंग्लंड. आणि तिला कॅमशाफ्ट मिळतही असत! ऑडवारला रोज नवी सबब शोधावी लागे. कधी सेन्सरचे दात, कधी कंपनीने मध्येच बदललेली लांबी. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याला जेवण गोड लागेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. खरं बोलावं तर डोक्यावरचं छप्पर जाणार, खोटं बोलावं तर ही बाई इथेच कुजणार.

मधूनच ती फोन घेऊन मागच्या दाराने बाहेर जाई. आत नीट ऐकू येत नाही म्हणे. मागे ताडपत्रीखाली ऑडवारची निळी व्हॅन उभी होती. तिशीत असताना तिच्यात चूल, बिछाना सगळं बसवून तो दक्षिणेला निघाला होता, आणि इंजिनाने धक्क्यापर्यंतही साथ दिली नाही. कॅमशाफ्टचे उंचवटे घासून सपाट झाले होते. इतक्या जुन्या इंजिनाचा कॅमशाफ्ट आता कुणी बनवत नाही, असं त्याला चार ठिकाणी सांगितलं. पाचव्या ठिकाणी त्याने विचारलंच नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तो गंजका दांडा आता मागचं दार उघडं राहावं म्हणून जमिनीवर लावलेला असे. तुरिद तो ओलांडून बाहेर जाई आणि बऱ्याच वेळाने परत येई. रडून येत असेल, असं ऑडवारला वाटे, आणि त्याला स्वतःचीच शरम वाटे.

एकदा स्टाइनार येऊन टेकला. टेबलावरचं मऊ वॅफल त्याने घडी घालून तोंडात कोंबलं. "काय गं, मिळाला का तुझा दांडा?"

"मिळेल की," तुरिद म्हणाली. "ऑडवार आहे ना मदतीला."

ऑडवारला कॉफीचा ठसका लागला.

आणि एक दिवस बोटीने लांबट खोकं आलं. तुरिदने ते कामाच्या टेबलावर ठेवून स्वतः फोडलं. आत तेलकट कागदात कोरा करकरीत कॅमशाफ्ट.

"जुना आण," ती म्हणाली.

नवा पार्ट बसवण्याआधी जुन्याच्या शेजारी ठेवून बघायचा, ही गॅरेजची रीत. ती मोडायला ऑडवारकडे सबब उरली नव्हती. जुन्यावर साधा ओरखडाही नाही, हे आंधळ्यालाही बोटाने कळलं असतं. तुरिद तर लग्नाआधी गाड्यांच्या पार्टच्याच दुकानात कामाला होती. त्याने खण उघडला. फडकं सोडलं.

"वहिनी, मी तुला..."

"तो राहू दे," ती म्हणाली. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. "तो चांगला आहे, मला ठाऊक आहे. सेन्सरचे दात म्हणालास ना, तेव्हाच कळलं. माझ्या गाडीला तो सेन्सरच नाही, शहाण्या."

ऑडवार खाली बसला. "मग इतके दिवस फोन कशाला करत होतीस?"

"इथे बसून करत होते ते स्टाइनारच्या कानावर जावेत म्हणून. मी फसले असं वाटलं की तो निर्धास्त."

"आणि बाहेर जाऊन?"

ती मागच्या दाराशी गेली, वाकली आणि तो गंजका दांडा उचलला. दार धाडकन मिटलं. तिने दांडा आणून नव्याच्या शेजारी ठेवला. लांबी तीच. उंचवट्यांच्या जागा त्याच. गंजाखाली अर्धामुर्धा दिसणारा नंबर, तोही तोच.

"पोर्तुगालमधला एक म्हातारा अजून बनवतो," तुरिद म्हणाली. "पाचव्या ठिकाणी विचारायला हवं होतंस तू."

ऑडवारने नव्या कॅमशाफ्टवरून बोट फिरवलं.

तुरिदने बाह्या दुमडल्या. "ऊठ. आधी माझा बसव, मग तुझा. बोटीत दोन गाड्या सहज मावतात."