अक्रोडाचे डाग

मागच्या अंगणात काळ्या अक्रोडांचा सडा पडला की डेलबर्ट बादली घेऊन उघड्या हातांनीच त्यांची हिरवी सालं सोलायला बसायचा. मग त्या सालांच्या रसाने महिनाभर बोटं काळीकुट्ट.

"अरे, हातमोजे घाल की! चर्चमध्ये लाज आणतोस," त्याची बायको व्हर्ला चाळीस वर्षं कानीकपाळी ओरडत होती.

"हात माझे, तुला कसली लाज?" तो हसायचा.

यंदा अर्धी बादली सोलून झाली आणि तो तिथेच कलंडला.

अंत्यविधीची तयारी करणारा माणूस हळूच म्हणाला, "मॅडम, खूप घासलं, पण बोटांचे डाग निघत नाहीत. उद्या लोक शेवटचं बघायला येतील. पांढरे हातमोजे घालू का?"

व्हर्लाने ती काळी बोटं आपल्या हातात घेतली.


"नको. त्याला आवडत नाहीत."