शून्य गुन्ह्यांचा मोहल्ला

धनराजच्या पोटावर सतरा टाके पडले होते, आणि त्याने कुणाचं नाव घेऊ नये हे सांगायला गफ्फार सर सरकारी दवाखान्यात आले होते.

सकाळचे दहा वाजले होते. अकराला हवालदार जबाब घ्यायला येणार होता. वॉर्डाबाहेरच्या बाकावर सरिता पदर तोंडाशी धरून बसली होती. वार तिच्या मुलाने, अजयने केला, हे अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होतं. पोलिसांना तेवढं ठाऊक नव्हतं. अजयला ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कंत्राटी काम लागणार होतं. गेटपाससाठी पोलिसांचा दाखला लागतो. एक केस झाली की सगळं बुडालं. "सर, तुमच्या शब्दाबाहेर नाई तो धनराज," सरिता उजाडताच त्यांच्या दारात येऊन म्हणाली होती. "दोघं बी तुमच्याच हाताखाली शिकलेले न."

सरांनी तिला नाही म्हटलं नव्हतं. ते कुणालाच म्हणत नसत.

चंद्रपुरात चाकू निघणं आता नवलाचं राहिलं नव्हतं. पानठेल्यावर निघे, मिरवणुकीत निघे, नुसता गाडीचा कट लागला तरी निघे. पेपरात दर आठवड्याला कुठली ना कुठली बातमी असायचीच. सरांच्या मोहल्ल्याचं नाव मात्र तिथे कधी छापून येत नसे. मोहल्ल्यात कुणाला लागलं की सर दवाखान्यात जात, खाटेजवळ स्टूल ओढून बसत, पोराच्या डोक्यावरून हात फिरवत. मग पोरगा जबाब देई, अंधार होता, ओळखलं नाही, तक्रार नाही. असे अकरा जण झाले होते. कुणी मारलं आणि कुणाला लागलं, हे सर मुद्दाम लक्षात ठेवत नसत. चौतीस वर्षं शिकवताना त्यांची एक सवय होती. वर्गातलं भांडण मिटलं की फळा पुसायचा आणि पुढचा धडा घ्यायचा. इथेही त्यांनी तेच केलं.

शांतता समितीच्या बैठकीत ठाणेदारांनी त्यांना शाल दिली होती. "तीन वर्षांत शून्य गुन्हे! हे आमचं काम नाही, सरांचं आहे." टाळ्या झाल्या. ती शाल सरांनी एकदाही अंगावर घेतली नव्हती. का, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं.

धनराजने त्यांना पाहिलं आणि ओठ ताणले. "सर, पाढे नोका विचारू. हासलो का टाके ओढतेत."

त्याच्या उशाशी त्याची आई कमळा होती. रात्रभर जागून तिचे डोळे सुजले होते. सरांना पाहून तिच्या जिवात जीव आला.

"बरं झालं तुमी आले, सर. रात्रीपासून सांगून राह्यली मी, पण ऐकतच नाई हा. तुमचं ऐकते. नाव घे म्हणा त्याले. आज पोटात खुपसला, उद्या गळ्यावर फिरवन तो."

सरांना वाटलं, आत्ता उठावं आणि निघून जावं. ते म्हणाले, "कमळाबाई, तुम्ही जरा चहा घेऊन या. मी बोलतो त्याच्याशी."

ती विश्वासाने उठली. तिच्या पाठमोऱ्या चालण्याकडे त्यांना बघवेना. त्यांनी स्टूल ओढलं. हात धनराजच्या डोक्यावर ठेवला, पण फिरवला गेला नाही.

"बेटा, नाव घेतलं तं त्या पोराचं..."

"नाई घेत, सर."

त्यांचं वाक्यही पुरं झालं नव्हतं.

हवालदार आला. अंधार होता, धनराज म्हणाला, ओळखलं नाई, तक्रार नाई. हवालदाराने लिहिलं, सही घेतली, सरांना नमस्कार केला आणि गेला. सरिता धावत आत आली आणि सरांच्या पायांवर पडली. त्याच वेळी कमळा दारात उभी होती. तिच्या एका हातात चहाची किटली होती, दुसऱ्यात कागदी कप. तिने पायांवर पडलेल्या सरिताकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. सगळं तिच्या ध्यानात आलं.

तिने कप भरला, सरांच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सरिता डोळे पुसत निघून गेली.

चहा सरांच्या हातात थंड होत गेला. अकरा खाटा, अकरा आया. त्यातल्या किती जणी अशाच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या असतील? त्यांनी कधी मागे वळून पाहिलं नव्हतं.

"धनराज," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी चुकलो रे. तुझ्या मायले मी फसवलं. पण तू... सतरा टाके पोटावर घेऊन तू त्याले माफ केलं. मी तुले शिकवलं म्हणतात लोक. एवढं मोठं मन मले नसतं झालं."

धनराज त्यांच्याकडे बघत राहिला. वर्गात एखादं साधं गणित सरांचंच चुकावं, तसा.

"माफ?" त्याने पोटावर हात दाबून धरला. "होळीले आमी त्याच्या भावाचं डोकं फोडलं, सर. तवा त्यानं कुठी माह्यं नाव घेतलं? कोणीच नाई घेत. नाव सांगतलं तं तो जेलात जाईन. मंग मी बरा झाल्यावर मले भेटन कुठी तो?"