श्रीमंत फूल

"पोरी, बर्फातून वर आलेलं पहिलं बोयचेचक घरात ठेवायचं नाही. डोळ्यांना लावायचं, हिवाळा निभावला म्हणून अल्लाचे आभार मानायचे, आणि शेजारच्या घरी द्यायचं," सासूबाई सांगायच्या.

"एवढंसं फूल, आणि बोयचेचक म्हणजे म्हणे श्रीमंत फूल!" मी हसायचे.

"एका घरात अडकून राहत नाही, म्हणून श्रीमंत. माझ्यामागे देशील ना?"

मी शब्द दिला होता.

आज नमाज आटोपून अंगणात आले, तर भिंतीपाशी ते उमललेलं. डोळ्यांना लावलं. शेजारचं घर मुहय्योचं. पाण्याच्या पाळीवरून उन्हाळ्यापासून आमचा अबोला.

"दार आपटेल तोंडावर," नवरा म्हणाला. "त्यापेक्षा मेंढीला घाल!"

"हिवाळा तिनेही काढलाय," म्हणत मी फूल ओंजळीत घेऊन निघाले.